रेंटनसारख्या लहान गावाचा फुटबॉल क्लब ‘जगज्जेता’ कसा म्हणवला गेला आणि पुढे त्याचे काय झाले?

रेंटन हे स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या वायव्येस, लीव्हन नदीच्या खोऱ्यातील गाव आहे. नदीच्या मुबलक पाण्यामुळे तेथे कापड रंगवण्याचे कारखाने उभे राहिले आणि त्यांचे ‘टर्की रेड’ नावाचे पक्क्या लाल रंगाचे कापड मुंबई-कलकत्त्यापर्यंत विकले जाई. याच कामगारवस्तीत १८७२ मध्ये हा क्लब स्थापन झाला.

१८८५ मध्ये त्याने स्कॉटिश कप ही स्कॉटलंडमधील क्लबांची बाद स्पर्धा जिंकली. १८८८ मध्ये अंतिम सामन्यात केंबसलँगचा ६-१ असा धुव्वा उडवून त्याने तो कप पुन्हा मिळवला आणि त्याच वर्षी मे महिन्यात एफए कप या इंग्लंडमधील तशाच स्पर्धेचा विजेता क्लब वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यालाही ४-१ असे हरवून स्वतःला जगज्जेता घोषित केले. हा किताब स्वयंघोषित असला, तरी त्या काळी ब्रिटनबाहेर तोलामोलाचे क्लब जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे तो अगदीच पोकळ म्हणता येणार नाही.

ऱ्हासाचे मूळ मात्र पैशात होते. इंग्लंडमध्ये १८८५ पासून खेळाडूंना उघडपणे वेतन देता येत असे, तर स्कॉटलंडमध्ये १८९३ पर्यंत त्यास बंदी होती; त्यामुळे चांगले खेळाडू टिकवणे रेंटनला अवघड झाले. शिवाय जेम्स केलीसारखा खेळाडू ग्लासगोत नव्याने निघालेल्या सेल्टिक क्लबकडे गेला. १८९० मध्ये स्कॉटिश लीगचा संस्थापक सदस्य झालेल्या रेंटनला, छुपे वेतन देण्याचा ठपका असलेल्या आणि नाव बदलून उतरलेल्या सेंट बर्नार्ड्स या क्लबशी खेळलेल्या सामन्यामुळे, अवघ्या पाच सामन्यांनंतर लीगमधून निष्कासित करण्यात आले. न्यायालयीन लढ्यानंतर त्याला पुन्हा प्रवेश मिळाला खरा, पण जुना दरारा परतला नाही आणि १९२२ मध्ये क्लब बंद पडला.