अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, खासगी विद्यापीठ आणि स्वायत्त कॉलेज यांत फरक काय?

पदवी कोण देतं ते बघा, निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. खासगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने उभं राहतं आणि पदवी स्वतः देतं. अभिमत विद्यापीठही स्वतःच देतं, पण त्याला दर्जा मिळतो केंद्राकडून, यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६च्या कलम ३ खाली. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) ही अभिमतच, त्यामुळे नुसता शब्द ऐकून नाक मुरडू नका. (फी मात्र आधी विचारा!) स्वायत्त कॉलेजचं वेगळं: अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, पदवी मात्र ज्या विद्यापीठाशी ते संलग्न आहे त्याची. आयआयटी यांपैकी कशातच बसत नाही, तिला संसदेचा स्वतंत्र कायदा आहे. प्रवेशाआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादीही चाळा.