सायनसमुळे गाल आणि कपाळ ठणकतंय, कोपरखैरण्यात मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून घेऊ का?

नका घेऊ, सर्दीनंतर सायनसला, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांना, येणारी सूज बहुतेकदा विषाणूंमुळे असते, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. वाशीत कान-नाक-घशाच्या ओपीडीत मी नर्स आहे, तिथे डॉक्टर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगतात. पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं अजिबात नाही, मोरबे धरणाचं कितीही स्वच्छ दिसलं तरी. ठणक्याला पॅरासिटामॉल. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब 5 दिवसांपुढे नकोत, नाक उलट जास्त चोंदतं. वरच्या दाढाही दुखतील, गालातला सायनस त्यांच्या मुळांना लागूनच असतो. मात्र 10 दिवसांत उतार नसेल किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला तर दाखवा. डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी.