ड्रोनच्या काळात पायदळात जाऊ का?

प्रश्न : मी बारावीत आहे. पायदळात जायचं हे लहानपणापासून ठरलेलं आहे, त्यासाठी रोज पळतो. बाबा म्हणतात, ‘यापुढची युद्धं ड्रोन आणि रोबो लढणार. बंदूक घेऊन चालणाऱ्या सैनिकाचे दिवस संपले. त्यापेक्षा इंजिनीअर हो आणि तेच ड्रोन बनव.’ युक्रेनचे व्हिडिओ बघितले की मलाही त्यांचं पटायला लागतं. पायदळाला खरंच भविष्य आहे का?

उत्तर : तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. पायदळ राहणार का, हा एक. तू त्यात जावंस का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मी बऱ्यापैकी खात्रीने देऊ शकते. दुसऱ्याचं तुलाच शोधावं लागेल, आणि त्याला नुसतं पळणं पुरणार नाही.

आधी बाबांची बाजू, कारण ती उडवून लावण्यासारखी नाही. युक्रेनमध्ये आघाडीच्या दोन्ही अंगांना काही किलोमीटरचा पट्टा असा झालाय की तिथे दिवसाउजेडी उघड्यावर चालणं जिवावर बेततं. वर सतत कोणीतरी बघत असतं. रात्रीही सुटका नाही, कारण थर्मल कॅमेऱ्याला अंगाची ऊब दिसते. रेडिओ संदेश अडवून (म्हणजे जॅम करून) ड्रोन पाडायला लागले, तर मागे ऑप्टिकल फायबरची बारीक तार सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांच्यापुढे जॅमरचं काही चालत नाही. त्यामुळे शेकडो सैनिकांनी एकत्र चाल करून जाणं जवळपास थांबलं. आता दोघंतिघं जातात, कधी मोटरसायकलवरून.

पण तेच व्हिडिओ पुन्हा बघ आणि स्वतःला विचार, हे ड्रोन इतक्या चिकाटीने शोधतात कोणाला? एखाद्या तळघरात किंवा खंदकात दबून बसलेल्या दोनतीन माणसांना. कारण ती माणसं तिथे आहेत तोवर ती जागा त्यांच्या बाजूची. ड्रोन जमिनीवर मारा करतो, पण त्याची बॅटरी संपते आणि जमीन तिथेच राहते. पायदळाचं काम गोळी झाडणं आहे असं आपण धरून चालतो. ते काम जागा धरून ठेवण्याचं आहे.

शुशाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. 2020 साली अझरबैजान आणि आर्मेनिया यांच्यात नागोर्नो-काराबाख या डोंगराळ प्रदेशासाठी 44 दिवसांचं युद्ध झालं. अझरबैजानच्या ड्रोननी समोरचे रणगाडे, तोफा, हवाई संरक्षण यंत्रणा टिपून काढल्या. ‘हे ड्रोनचं युद्ध’ असा गाजावाजा जगभर झाला, आणि तो खोटाही नव्हता. पण शेवट कसा झाला, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. शुशा हे तिथलं शहर कड्यांवर वसलेलं, खाली असलेली काराबाखची तेव्हाची राजधानी आणि आर्मेनियाकडे जाणारा रस्ता त्याच्या नजरेच्या टप्प्यात. धुक्यामुळे तिथे ड्रोनचा फारसा उपयोग नव्हता. हलकी शस्त्रं घेतलेले सैनिक जंगलातून, दऱ्यांतून चालत आले, चढून वर गेले आणि गल्ल्यांमधून लढले. शुशा पडलं आणि दोनच दिवसांत युद्धविराम झाला. ड्रोननी वाट मोकळी केली हे खरं, पण त्या वाटेवरून माणसंच चालत गेली.

उलट उदाहरणही सांगते, नाहीतर मी एकाच बाजूचं बोलते असं बाबा म्हणतील. 1999 मध्ये युगोस्लाव्हियातल्या कोसोव्हो प्रांतासाठी नाटोने 78 दिवस फक्त हवेतून हल्ले केले आणि जमिनीवर पायदळ न उतरवता युगोस्लाव्ह सैन्याला माघार घ्यायला लावली. पण त्यानंतर तिथे शांतता टिकवायला हजारो सैनिक पाठवावेच लागले.

आणि पायदळाचा मृत्युलेख काही पहिल्यांदा लिहिला जात नाहीये. अणुबाँब आल्यावर अमेरिकेने 1957 पासून आपल्या डिव्हिजन अणुयुद्धाच्या हिशेबाने नव्याने बांधल्या. पाचसहा वर्षांत ती रचना मोडीत निघाली, आणि पुढचं मोठं युद्ध व्हिएतनामच्या जंगलात पायी चालत लढावं लागलं.

आता बदलतंय ते काय? संख्या कमी होईल, यात मला शंका नाही. एका किलोमीटरला पूर्वी जितके सैनिक लागत त्याच्या काही अंशात भागेल. रसद पोचवणं, जखमींना मागे आणणं ही कामं जमिनीवरच्या चाकांच्या रोबोंकडे जायला सुरुवात झालीच आहे. 2025 मध्ये तर युक्रेनच्या एका ब्रिगेडने फक्त ड्रोन आणि रोबो वापरून शत्रुसैनिकांना शरण आणल्याचा दावा केला. पण घराचं दार उघडल्यावर समोरचा माणूस लढणारा आहे की लपून बसलेला नागरिक, हे क्षणात ओळखणारं कोणीतरी तिथे लागतं. इराकमधलं मोसुल शहर 2016-17 मध्ये ‘इसिस’कडून घराघरातून लढत परत घ्यायला नऊ महिने लागले, आणि लाखो माणसं त्या शहरातच होती.

‘ड्रोन की पायदळ’ ही तुमच्या घरातली वादाची मांडणीच मला चुकीची वाटते. आघाडीवरचा ड्रोन चालवणारा थंडगार ऑफिसात बसलेला नसतो. तो बरेचदा काही किलोमीटरवरच्या तळघरात असतो, बॅटऱ्या पाठीवर वाहून नेतो आणि समोरची बाजू त्यालाच आधी शोधते. इकडे पायदळाच्या लहानशा तुकडीतही टेहळणीचा ड्रोन, जॅमर, रेडिओ आले. (गंमत म्हणजे अगदी जवळ आलेला ड्रोन पाडायला पुन्हा शॉटगन हातात आली.) त्यामुळे इंजिनीअरिंग कर किंवा करू नकोस, पण सोल्डरिंग करता येणं, सर्किट समजणं हे पायदळातही उपयोगी पडेल. पायांची गरजही गेलेली नाही. 1982 मध्ये अर्जेंटिनाविरुद्धच्या युद्धात फॉकलंड बेटांजवळ ब्रिटिशांची हेलिकॉप्टर वाहून आणणारं जहाज बुडालं, तेव्हा त्यांचे सैनिक पाठीवर 35 किलोच्या आसपास ओझं घेऊन तीन दिवसांत सुमारे 90 किलोमीटर चालले. उद्याही इंधन संपेल, गाडी जळेल, तेव्हा चालावंच लागेल.

आता दुसरा प्रश्न. व्हिडिओत दिसतात ते तीस सेकंद. नोकरी उरलेल्या वेळात असते : खड्डा खणणं, ओल्या मोज्यांत पहारा देणं, वाट बघणं. आता त्यात नवी भर म्हणजे एकटेपणा. मोठ्या तुकडीच्या सोबतीने जो धीर येतो, तो दोनतीन जणांच्या खंदकात मिळत नाही. जखमीला तासाभरात हेलिकॉप्टरने हलवायचं, ही इराक-अफगाणिस्तानातली सोय ड्रोनच्या आभाळाखाली राहत नाही. कित्येक तास, कधी त्याहून जास्त, शेजारच्यालाच रक्तस्राव रोखून धरावा लागतो. आणि हेही ऐक : गुडघे, पाठ आणि कान ही या पेशाची नेहमीची दुखणी आहेत, तीही तुझे वर्गमित्र अजून करिअरच्या मध्यावर असतील तेव्हा.

म्हणून पळणं चालू ठेव, पण त्याने फक्त दम कळतो, स्वभाव कळत नाही. प्रथमोपचाराचा कोर्स कर. रक्त बघून हात थरथरले तर लाजू नकोस, पण नोंद ठेव. जीपीएस जॅम होतं, म्हणून कागदी नकाशा आणि होकायंत्र घेऊन रस्ता काढायला शीक. आणि एक दिवस मोबाइल घरी ठेवून एका जागी चार तास न हलता बस. समोर काय काय बदललं ते वेळेसकट वहीत लिही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कर, शक्यतो पावसात. कंटाळून तासाभरात उठलास, की दुसऱ्या दिवशी वहीत जास्त लिहिलं गेलं, ते बघ. ती वही बाबांना दाखव आणि मग मला पुन्हा पत्र लिही.