कार्ड मिळालं, पण मास्कमध्ये पाणी शिरलं की घाबरायला होतं

प्रश्न: नमस्कार ताई, मी २९ वर्षांचा, लालबागला राहतो. पावसाळ्यात मुंबईतच स्कूबा डायव्हिंगच्या ओपन वॉटर कोर्सचं, म्हणजे पहिल्या कोर्सचं, पूल सेशन केलं आणि नंतर समुद्रात चार डाइव्ह करून कार्ड मिळालं. पण खरं सांगू का, मास्क पूर्ण भरून पाणी बाहेर काढणं मला नीट एकदाच जमलं, दुसऱ्यांदा नाकातोंडात पाणी गेलं आणि मी सरळ वर आलो. सर म्हणाले होऊन जाईल, फॉर्मवर टिक केलं, मीपण सही केली. आता डिसेंबरमध्ये मित्रांसोबत अंदमानला स्वराज द्वीपला जातोय, १८ मीटरच्या डाइव्ह बुक केल्यात. मित्र म्हणतात डाइव्हमास्टर, म्हणजे पाण्याखाली सोबत नेणारा गाइड, असतोच, टेन्शन कशाला घेतोस. चूक सरांची की माझी? आणि जाऊ की नको?

उत्तर: जा, पण मास्क जमल्याशिवाय १८ मीटरला उतरू नका.

आधी सरांचं बोलते, कारण त्यांनी चूक केलीय आणि ते मी गुळमुळीत सांगणार नाही. मास्क पूर्ण भरून रिकामा करणं आणि मास्कशिवाय पाण्याखाली निदान एक मिनिट श्वास घेणं, हे दोन्ही ह्या कोर्समध्ये असतंच, आणि एकदा कसंबसं झालं म्हणजे आलं असं नसतं, न घाबरता परत परत करता यायला हवं. नाही आलं तर अजून एक पूल सेशन घ्यायचं, बस. पण आपल्याकडे मुंबईच्या गढूळ समुद्रात शिकता येत नाही म्हणून एक दिवस पूल, मग रात्रीची गाडी पकडून मालवण नाहीतर गोवा, सोमवारी सगळ्यांना ऑफिस, ह्या घाईत जे राहतं ते नेमकं हेच राहतं.

आता तुमचं. सही तुम्हीही केलीत ना. ‘सर, मला जमलेलं नाही, परत घ्या’ हे तिथे बोलायला लाज वाटली असणार, दहा जण काठावर थांबलेले असतात, मला माहितीये. पण पाण्याखाली तुमचा श्वास तुम्हालाच घ्यायचाय. आणि उशीर झालेला नाही, त्याच सरांना आजही फोन करून सांगू शकता, नाहीतर दुसऱ्या इन्स्ट्रक्टरकडे जा.

मास्कवरच एवढी का अडून बसलेय? कारण पुढच्याच्या फिनचा, म्हणजे पायातल्या वल्ह्यासारख्या पट्टीचा, एक फटका बसला तरी मास्क भरतो. नाकाने पाणी ओढलं जातं, ठसका लागतो आणि डोक्यात एकच येतं, वर चला. श्वास रोखून वर गेलात तर संपलं, कारण १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे भरून घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते आणि फुफ्फुस फाटू शकतं. हे खोल गेल्यावरच होतं असं अजिबात नाही, हवा सगळ्यात झपाट्याने फुगते ती शेवटच्या काही मीटरांत, चार-पाच फुटांवरून श्वास रोखून वर आलेल्यालाही इजा होऊ शकते.

आणि ‘डाइव्हमास्टर असतोच’ ह्याबद्दल. माझी सातवी की आठवी डाइव्ह, मी डाइव्हमास्टरांच्या पिवळ्या फिन्सवर नजर लावून मागेमागे चाललेले, मासे बघत, टाकीतली हवा किती उरली ते दाखवणारं गेज मांडीजवळ लोंबकळतंय आणि मी ते एकदाही उचललेलं नाही. उचललं तेव्हा काटा ४० बारवर, बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप. ५० बार शिल्लक असताना वर पोचलेलं असायला हवं आणि मी अजून १४ मीटरवर! ते माझ्यापासून पाच-सहा मीटर पुढे, पाठमोरे. त्यांनी नंतर त्यांची हवा देऊन मला वर आणलं, पण तो काटा बघायचं काम माझं होतं, त्यांच्यामागे अजून तिघं होती.

तर आता करायचं काय. जवळच्या तरणतलावावर कमरेएवढ्या पाण्यात, लाइफगार्डला सांगून आणि ओळखीच्या कुणाला तरी बाजूला उभं करून, मास्क न लावता नुसता स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, तोंडात धरा आणि चेहरा पाण्यात घाला. पहिले चार-पाच श्वास नाकात गुदगुल्या होतील, घसा आवळल्यासारखा वाटेल, उठावंसं वाटेल. तोंडाने आत, तोंडाने बाहेर, सावकाश. दहा मिनिटं रोज, आठवडाभर. मग इन्स्ट्रक्टरसोबत पूलमध्ये आधी अर्धा मास्क भरून, मग पूर्ण, मग काढून परत लावून. वरची कड दाबायची, नाकाने फुंकायचं, हळूहळू मान वर. कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे भीती गेली.

अंदमानला पोचल्यावर बुकिंगवाल्याला स्पष्ट सांगा की पहिली डाइव्ह उथळ हवी आणि मास्क परत करून बघायचाय. एका गाइडमागे किती जण तेही विचारा. ते हसले तर दुसरं दुकान शोधा, पैसे गेले तरी चालतील. आणि खाली गेल्यावर मन घेत नसेल तर अंगठा वर. नवीन लोक ‘मस्त चाललंय’ म्हणून अंगठा दाखवतात, पण पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर जायचंय’ एवढाच. कारण द्यायला लागत नाही, मित्रांनापण नाही.

प्रश्न: मी आणि नवरा शनिवार-रविवार मालवणला जातोय, रविवारी सकाळी दोन डाइव्ह करून संध्याकाळी विमानाने मुंबईला यायचा प्लॅन आहे. डाइव्हवाल्यांनी काही विचारलं नाही, म्हणजे चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. एका डाइव्हनंतर निदान १२ तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर १८ तास विमानात बसायचं नाही, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि वर दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्यांनी विचारायला हवं होतं, पण परतीचं तिकीट तुमच्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. डाइव्ह शनिवारी सकाळी करा, नाहीतर कुडाळहून रेल्वेने या.