बाप्तिस्मा घेतल्यानंतरही घरात रागाचा तोच भडका उडतो. म्हणजे माझा विश्वास खोटा आहे का?

नाही, पुन्हा पडलात म्हणून विश्वास खोटा ठरत नाही. पापाची खंत वाटेनाशी झाली असती तर मात्र काळजी करावी लागली असती. येशूचा प्रेषित पौल याने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात स्वतःबद्दल हेच लिहिलं आहे: जे चांगलं करावंसं वाटतं ते हातून होत नाही आणि नको असलेलं वाईट तेच घडतं. हे लिहिणारा प्रेषित होता, नवखा विश्वासणारा नव्हे. म्हणून ‘यापुढे कधीच रागावणार नाही’ अशी शपथ घेण्यापेक्षा इफिसकरांस पत्र ४:२६ धरा: सूर्य मावळण्याआधी राग सोडायचा. म्हणजे त्याच संध्याकाळी, ज्याच्यावर ओरडलात त्याच्याकडे जाऊन ‘माझं चुकलं’ म्हणायचं, मग ते आपलं लहान मूल का असेना. त्यात ‘पण तूही...’ जोडायचं नाही. हे फार जड जातं, पण मत्तय ५:२३-२४ मध्ये येशूने अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे. नुसती देवाकडे केलेली कबुली तिथे पुरत नाही. शिवाय याकोब ५:१६ प्रमाणे चर्चच्या मंडळीतल्या एका भरवशाच्या व्यक्तीला हे सांगून ठेवा आणि दर आठवड्याला विचारायला सांगा. लपवलेलं पाप एकट्याने सुटत नाही. मात्र राग हात उगारण्यापर्यंत जात असेल, तर आधी घरच्यांची सुरक्षितता. तिथे प्रार्थनेसोबत समुपदेशकाची मदत घ्याच, आणि मारहाण सोसणाऱ्याकडून ‘क्षमा कर आणि गप्प राहा’ अशी अपेक्षा धरू नका.