ॲड्रेस बारमधूनच थेट शोध

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कॉम्प्युटर सांभाळतोस, म्हणजे दिवसभर शोधाशोध आलीच. मग दरवेळी आधी साइट उघडा, तिथली शोधपेटी हुडका, हे कशाला?

क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिन'खाली 'साइट सर्च' आहे. तिथं नाव, शॉर्टकट आणि पत्ता अशा तीन गोष्टी भरायच्या. अडतं ते पत्त्यापाशी. समज मराठी विकिपीडिया जोडायचाय. तिथं 'हळद' शोधलंस तर ते थेट लेखावर नेतं, पत्त्यात शोधाचा मागमूस नाही. शिवाय देवनागरी शब्द कॉपी केला की टक्क्यांची रांगोळी उमटते. म्हणून मुद्दाम काहीतरी निरर्थक इंग्रजी अक्षरं शोध. वरच्या पत्त्यात ती लगेच दिसतील. तेवढीच काढून तिथं टक्क्याची खूण आणि तिला चिकटून इंग्रजी धाकटा एस टाक. हाच पत्ता सेटिंगमध्ये भर, झालं. शोधताना त्या खुणेच्या जागी तुझा शब्द बसतो. शॉर्टकट 'व्ही' ठेवलास तर ॲड्रेस बारमध्ये व्ही, मग टॅब, मग हळद, एंटर.

फायरफॉक्समध्ये तोच पत्ता बुकमार्क करून त्याला कीवर्ड दिला तरी चालतं. तिथं टॅबऐवजी स्पेस.

शॉर्टकट इंग्रजीच ठेव, एक-दोन अक्षरांचा. सातबाऱ्यासाठी मात्र ही युक्ती विसर. तिथं जिल्हा, तालुका, गाव निवडून कॅप्चा भरावाच लागतो.

आणि हे काम करून देतो म्हणणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायची जादा सॉफ्टवेअर, घेऊ नकोस. त्यातली कितीतरी गुपचूप तुझं मुख्य सर्च इंजिनच बदलतात.