बाग-प्रश्नोत्तरे : कीटकभक्षी झाडे आणि बोअरचे पाणी

प्रश्न : एप्रिलमध्ये ऑनलाइन मागवलेले व्हीनस फ्लायट्रॅपचे रोप सुरुवातीला उत्तम होते, नंतर त्याचे सापळे एकामागून एक काळे पडू लागले. इतर कुंड्यांप्रमाणे त्यालाही मी रोज बोअरचे पाणी घातले आणि मूठभर गांडूळखतही दिले. आता कुंडीच्या काठावर पांढरा थर धरला आहे. विक्रेता म्हणतो की रोप पाठवताना निरोगी होते. चूक कोणाची आणि रोप वाचेल का?
– एक निवृत्त वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या पांढऱ्या थरातच आहे. मालव्याच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी जड असते. पाणी उडून जाते, पण त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे राहून मातीत साठतात. गुलाब किंवा जास्वंद हे बरेच दिवस निभावून नेतात, फ्लायट्रॅपला ते जमत नाही. हे झाड मूळचे अमेरिकेतील नॉर्थ आणि साउथ कॅरोलिना राज्यांच्या किनारपट्टीजवळील पाणथळ, आम्लधर्मी आणि अत्यंत निकस जमिनीतले आहे. जमिनीतून न मिळणारे नत्र कीटकांकडून मिळवण्याची त्याची रीत असल्यामुळे त्याच्या मुळांना खत मानवत नाही, आणि आपण मायेने घातलेल्या गांडूळखताने बहुधा बोअरच्या पाण्याहूनही अधिक अपाय केला असावा. विक्रेत्याला मात्र मी पूर्णपणे निर्दोष म्हणणार नाही. ऐन उन्हाळ्यात असे रोप बंद खोक्यातून पाठवायचे आणि सोबत पाण्याविषयी दोन ओळींची चिठ्ठीही ठेवायची नाही, हा व्यवहार बरा नव्हे.

आता उपाय. रोप कुंडीतून हलक्या हाताने काढून आरओच्या पाण्याखाली मुळे धुवावीत. पानांच्या तळाशी कांद्यासारखा फुगीर पांढरा भाग दिसेल. तो पांढरा आणि टणक असेल, तर सगळे सापळे काळे पडलेले असले तरी रोप जिवंत आहे. तपकिरी होऊन बोटाने दबत असेल, तर आशा सोडावी. जिवंत रोप पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) समप्रमाणात मिसळून प्लास्टिकच्या कुंडीत लावावे. मातीची कुंडी नको, कारण तिच्या भिंतींतही क्षार मुरतात. कोकोपीट स्वस्त पडते, परंतु त्यात बरेचदा मीठ असते, म्हणून मी ते सुचवत नाही. कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत बोटभर पाणी राहील असे पाहावे. पाऊस सुरू होईपर्यंत सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी हिरव्या जाळीची सावली करावी. ओलावा टिकावा म्हणून वर प्लास्टिकची बाटली उपडी घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. इंदूरच्या मे महिन्यात तसे केल्यास रोप आत अक्षरशः शिजेल.

पाणी कोणते, हा खरा प्रश्न. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५० भाग) आत असलेले पाणी चालते; ते मोजण्याचे पेनासारखे मीटर काही शे रुपयांत मिळते आणि या छंदात पहिली खरेदी रोपाची नव्हे, त्याची करावी. नर्मदेचे नळाचे पाणी बोअरपेक्षा सौम्य असले तरी या झाडांना पुरेसे निर्मळ नाही. घरच्या आरओचे पाणीही मोजूनच वापरावे, कारण चव राहावी म्हणून अनेक यंत्रे त्यात पुन्हा क्षार मिसळतात. आणि आरओच्या नळीतून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून झाडांना घालण्याची पद्धत घरोघरी दिसते. त्यात तर क्षार दाटलेलेच असतात, ते या कुंड्यांच्या वाऱ्यालाही आणू नये. सर्वांत उत्तम पाणी पावसाचे. पहिल्या काही सरींनी गच्ची धुऊन निघाली की झाकणाच्या ड्रममध्ये ते भरून ठेवावे.

रोप वाचले तर नोव्हेंबरच्या अखेरीस ते पुन्हा मरगळल्यासारखे दिसेल. त्या वेळी घाबरू नये. थंडीतील तीन-एक महिन्यांची विश्रांती ही त्याची गरज आहे, आणि शब-ए-मालवाचे, म्हणजे माळव्याच्या सुखद रात्रींचे, कौतुक करणाऱ्यांच्या मनात फ्लायट्रॅप नसला, तरी आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री त्याला अगदी मानवतात. कुंडी घरात न घेता बाहेरच ठेवावी आणि माती नुसती ओलसर राखावी.

प्रश्न : मला हा छंद नव्याने सुरू करायचा आहे. निळ्या-जांभळ्या फ्लायट्रॅपचे बी ऑनलाइन फार स्वस्तात मिळते आहे. ते घ्यावे, की घटपर्णीचे (पानाच्या टोकाला कीटक पकडणारे घट येणाऱ्या झाडाचे) रोप घ्यावे? कास पठारावरही अशा वनस्पती आहेत असे ऐकले. तिथून आणता येतील का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : निळा फ्लायट्रॅप अस्तित्वातच नाही; त्याचे रंग हिरवा आणि लाल एवढेच. खरे बी मोहरीहूनही बारीक, काळे, चकचकीत असते, ताजे असेल तरच चांगले उगवते आणि त्यापासून पूर्ण वाढलेले झाड होण्यास तीन-चार वर्षे लागतात. म्हणून टिश्यू कल्चरने (प्रयोगशाळेत ऊतींपासून) किंवा फुटवे वेगळे करून वाढवलेले रोपच घ्यावे, तेही ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात.

पहिले झाड म्हणून माझे मत दवबिंदू (ड्रोसेरा) या कीटकभक्षी वनस्पतीला आहे. ड्रोसेरा बर्मनाय ही त्यातील जात भारतातलीच आहे. रुपयाच्या नाण्याएवढ्या तिच्या चक्राकार रोपाच्या पानापानांवर लालसर केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो. एखादे चिलट त्यावर टेकले की कडेचे लांब केस काही सेकंदांत आत वळतात. भिंग घेऊन बसल्यास हे सारे डोळ्यांनी दिसते. रोप फार तर वर्षभर जगते, पण त्याच कुंडीत बी पडून नवी रोपे आपोआप येतात. पाणी आणि माती वर सांगितल्याप्रमाणेच.

घटपर्णी घ्यायचीच असेल तर ‘व्हेंट्राटा’ किंवा ‘मिरांडा’ हे संकर घ्यावेत. त्यांची कुंडी टांगावी, पाण्यात उभी करू नये. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांची टोके घट न धरताच सुकतात. पावसाळ्यातील दमट हवेत नवे घट येतात. भारतातील एकमेव रानटी घटपर्णी, नेपेंथेस खासियाना, मेघालयातली आहे. तिला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टामुळे अत्यंत मर्यादित आहे. कोणी रानातून आणलेले रोप देऊ केले तर घेऊ नये. कासवर दवबिंदू आणि सीतेची आसवे (हीही एक कीटकभक्षी वनस्पती) आहेत हे खरे, पण तिथून काहीही उपटून आणणे बेकायदा आहे. शिवाय खडकावरील मातीच्या पातळ थरात वाढणारी ती रोपे कुंडीत तगतही नाहीत.

प्रश्न : आमचा नातू फ्लायट्रॅपच्या तोंडात पनीरचे तुकडे घालतो आणि काडीने सापळे मिटवत बसतो. चालेल का? घरातले डास तरी त्याने कमी होतील का?
– एक आजी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : पनीर कुजते आणि सापळाही कुजवते. सापळ्याच्या आत दोन्ही बाजूंना मिळून साधारण सहा केस असतात. सुमारे वीस सेकंदांच्या आत त्यांना दोनदा स्पर्श झाला तरच तो मिटतो, आणि आत अडकलेल्या कीटकाची धडपड पुढे चालू राहिली तरच पाचक रस सुटतो. काडीने मिटवलेला सापळा एक-दोन दिवसांत उघडतो खरा, परंतु प्रत्येक सापळा आयुष्यात थोड्याच वेळा मिटू शकतो. नातवाला गंमत दाखवायचीच असेल, तर सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी जिवंत माशी महिन्यातून एकदा द्यावी. झाड बाहेर असेल तर तेही नको. ते आपले अन्न स्वतः मिळवते. डासांच्या बाबतीत त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवू नये. काळा पडलेला सापळा मात्र कात्रीने कापून टाकावा, म्हणजे बुरशी शेजारच्या पानांवर पसरणार नाही.